फूट, बरगे आणि बगळे: पंचगंगेकाठचं एक वर्ष

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ख्यालीखुशाली नंतर, आधी "पाणी किती फुटावर हाय?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. गहू-तांदळाचे डबे माळ्यावर कधी चढवायचे, गाडी कुणाच्या दारात नेऊन लावायची, याचा सगळा हिशेब या आकड्यांवर. पाणी उतरलं, घर धुऊन झालं, की मग आठ-नऊ महिने नदीचं नाव कुणी काढत नाही. मी बघायला लागले ते हेच आठ-नऊ महिने, आणि त्यांच्या मागोमाग मग पावसाळाही.

दुर्बीण घरातच होती. धाकट्या दिरानं शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला म्हणून हौसेनं घेतलेली, ८ बाय ४२ ची. पण आपल्या पेठेची मॅच असताना दुर्बीण डोळ्याला लावून गप्प बसणं कुठल्या कोल्हापूरकराला जमलंय? ती कपाटात पडून होती. मी सकाळी घाटापर्यंत चालायला जातच होते. दिवाळीच्या आधी एक दिवस गळ्यात अडकवून गेले, आणि तिथपासून चालणं कमी, थांबणं जास्त झालं.

पंचगंगा घाट या कामाला सोयीचा आहे. शहर नदीच्या उजव्या काठाला, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून पडतं आणि समोरच्या काठावरचा पक्षी रंगासकट दिसतो. संध्याकाळी तोच पक्षी नुसता काळा ठिपका. पहाटे पोहायला येणारे, धुणं घेऊन आलेल्या बायका, म्हशी घेऊन आलेले, सगळ्यांची वर्दळ असते, आणि पक्ष्यांना तिची इतकी सवय आहे की म्हशीच्या पाठीवरून गायबगळा हलत नाही. माणसांना मात्र माझी सवय व्हायला वेळ लागला. पोहून वर आलेले एक मामा अंग पुसत माझ्या शेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, मगर दिसली काय?" नाही म्हटलं, खंड्या बघतेय. "त्यो व्हय! त्यो तर रोज असतोय." आणि निघून गेले.

रोज असतोय, ही गोष्ट खरी तर कामाची. नवख्यानं दुर्मिळ पक्ष्याच्या मागे लागू नये, रोजच्याला नीट बघावं असं माझं मत आहे. 'बगळा' या एका शब्दात आपण किती जण कोंबतो! काळी चोच, काळे पाय आणि बोटं तेवढी पिवळी, तो छोटा बगळा. चोच पिवळी आणि मान आखूड, तो गायबगळा. उंच, मानेला मधेच बाक पडल्यासारखा, तो मोठा बगळा. आणि ढोकरी, जिला वंचकही म्हणतात, ती तर बसली की चिखल आणि उडाली की पांढरीशुभ्र. घाटाच्या पायरीवर ती माझ्यापासून दहा-बारा हातांवर बसलेली असायची आणि उडेपर्यंत पत्ता लागायचा नाही. एवढे चार वेगळे ओळखता आले की डोळा तयार व्हायला लागतो. आवाजावरून पक्षी सांगणारं मर्लिन अॅपही घेतलं होतं. पण घाटावर एकीकडे भजनाचा स्पीकर, दुसरीकडे धुण्याच्या आपटण्याचा आवाज, त्यात ते बिचारं काय ऐकणार. कान स्वतःचेच बरे.

वहीत मी तीन गोष्टी लिहायचे: तारीख, पाणी कुठल्या पायरीला आहे, आणि कोण दिसलं. मधली नोंद सगळ्यात उपयोगाची ठरली.

आमच्या नदीला पावसाइतकंच बरगेही चालवतात. नदीवर थोड्या थोड्या अंतरानं बंधारे आहेत, 'कोल्हापूर पद्धतीचे' म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जातात ते. दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पाऊस संपला की बरगे घालतात, नदी टप्प्याटप्प्यानं अडते, दोन्ही काठांच्या उसाला पाणी मिळतं. पावसाच्या तोंडावर बरगे काढतात, म्हणजे पुराला वाट मोकळी. शेतकऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. मला मात्र ते पक्ष्यांनी शिकवलं. बरगे पडले की बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून खोल आणि संथ होतं. तिथे पाणकावळे आणि टिबुकल्या. खालच्या अंगाला पाणी ओसरून खडक उघडे पडतात, मधे मधे गुडघाभर धार. तिथे धोबी, तुतारी, शेकाटे. राजाराम बंधाऱ्यावर उभं राहिलं की डावीकडे तळं आणि उजवीकडे ओढा, आणि दोन्हीकडचे पक्षी वेगळे. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो तो वरच्या अंगाच्या ओंडक्यावर. त्याची पिसं पाण्यानं भिजतात, त्यामुळे त्याला बुडी मारायला सोपं जातं, पण मग उन्हात बसण्यावाचून सुटका नाही.

हिवाळी पाहुणे त्याआधीच आलेले असतात. करडा धोबी सप्टेंबरातच दिसायला लागतो, पोटाखाली पिवळा, शेपूट सतत वरखाली. तुतारीचं तर शेपटाकडचं अख्खं अंगच हलत असतं, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. हे सगळे हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेले. यांच्यात एक घरचा असतो, काळा-पांढरा कवड्या धोबी, तो बारा महिने इथेच. थंडीच्या सकाळी तो घाटावरच्या दीपमाळेच्या टोकावर बसून इतकं गोड गातो की दर्शनाला आलेली माणसंही वर बघतात. पलीकडच्या वडणगेच्या बाजूला उसावरून दलदली भोवत्या खालून खालून तरंगत जातो, पंख किंचित वर उचललेले, नजर उसाच्या शेंड्यात. कारखाने सुरू झाले, तोड लागली, की उसाच्या फडामागे गायबगळ्यांची रांग. पाचट पेटवलं की कोतवाल आणि वेडे राघू धुराच्या कडेनं सूर मारत किडे पकडतात आणि वर घारी घिरट्या घालतात. पाचट पेटवू नये हे मलाही मान्य आहे. पण त्या धुरात कोतवालाची जी चपळाई बघायला मिळते तिला तोड नाही, हेही खरं.

आता नाल्याकडे यायला हवं. जयंती आणि दुधाळी हे शहराच्या पोटातून नदीकडे येणारे नाले कोल्हापुरात कुणाला माहीत नाहीत? मैला अडवून, उपसून शुद्धीकरणाला नेण्याची व्यवस्था आहे, तरी काळं पाणी नदीत उतरताना मी बघत आलेय. जानेवारीत एका सकाळी घाटावर काही दिसेना म्हणून मी अशा एका नाल्याच्या तोंडाशी गेले. नाकाला ओढणी लावली आणि दुर्बीण उचलली. एवढे पक्षी मी घाटावर एका वेळी कधी पाहिले नव्हते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्यानं चिखल चाळत होते. पांढरा धोबी, करडा धोबी, दोन जातींच्या तुतारी, काठाला छोटे बगळे ओळीनं, आणि कोपऱ्यात काळा शराटी डोक्यावरची लाल टोपी मिरवत.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे नदी एवढी काही वाईट नाही म्हणायची. नाहीतर एवढे पक्षी आले असते?"

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. उत्तर चिखलातच होतं. मैल्यात सेंद्रिय घाण भरपूर, आणि कमी प्राणवायूतही तगणाऱ्या लाल अळ्या तिच्यावर पोसतात. शेकाट्यांना, धोब्यांना ती पंगत. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मग मासे तोंड वर काढून पृष्ठभागाला येतात. "मासं वर आल्यात" असं काठावर म्हणतात, आणि उन्हाळ्यात एखाद्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते ती याच्या पुढची पायरी. तोंड वर काढलेला मासा टिपायला बगळ्याला कसलं कसब लागतं? आणि मेलेला उचलायला घारीला तर काहीच नाही. पक्षी भरपूर, कारण नदी आजारी आहे.

मग मी वहीत दोन रकाने आखले. एकात 'चिखल चाळणारे', दुसऱ्यात 'पाण्यात बघून मारणारे'. दुसऱ्यात कोण? निळा-तांबूस छोटा धीवर, जो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून दगडासारखा खाली पडतो. कवड्या खंड्या, जो हवेत एका जागी थरथरत उभा राहतो आणि चोच खाली करून सूर मारतो. आणि नदी सुरय, पिवळ्या चोचीचा, शेपूट दुभंगलेली. या सगळ्यांना पाण्याच्या आतलं दिसावं लागतं. छातीवर पांढरा असणारा मोठा खंड्या यात धरायचा नाही, त्याला खेकडा, नाकतोडा, सरडा काहीही चालतं, म्हणून तो रोज असतोय.

हे काही शास्त्र नव्हे, माझी सोय. पण घाटापासून वर प्रयाग चिखलीच्या दिशेनं गेलं, जिथे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एक होऊन पंचगंगा होते, तिकडे दुसरा रकाना भरायचा. नाल्याच्या खाली पहिला. मधल्या पट्ट्यात दोन्ही थोडे थोडे. पाणी तपासायची बाटली हातात न घेताही शहर कुठे सुरू होतं ते वहीत दिसायला लागलं.

होळीनंतर नदी बघवत नाही. पाणी हटतं, जलपर्णी साचते, वास वाढतो. तिच्या हिरव्या गालिच्यावरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या कोंभ उपटून पायात धरून खातात. दिसायला सुंदर, फोटो तर फारच छान येतात. जलपर्णी काढायची मोहीम निघाली की मला वाईटही वाटतं आणि बरंही, आणि त्यात बरं जास्त. कमळपक्ष्यांत नर अंडी उबवतो, मादी दुसरीकडे संसार थाटायला मोकळी. हे घाटावर धुणं धुणाऱ्या मावशींना सांगितलं तर त्यांनी पिळा अर्धवट सोडला आणि म्हणाल्या, "पुढल्या जन्मी त्योच हुतो."

टिटवीचं मात्र कुणाला कौतुक नाही. जवळच स्मशानभूमी, आणि रात्री टिटवी ओरडली की काहीतरी वाईट, असं अजून मानतात. उलट शेतकरी तिची अंडी कुठे आहेत ते बघतात. उंचावर घातली तर पाऊस मोठा, खाली घातली तर बेताचा. ती उघड्या खड्यांत अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे हा अंदाज बांधायला आधी ती सापडली पाहिजेत. उन्हाच्या तडाख्यात ती पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार करते. ते मी पाहिलं. पावसाचं तिला कळतं असं मला वाटत नाही.

घाटावरचे खरे पक्षीनिरीक्षक मात्र वेगळेच. दहाव्याला पिंड ठेवून कुटुंबच्या कुटुंब कावळ्याची वाट बघत असतं. मोठा, जाड चोचीचा डोमकावळा आला काय किंवा राखी मानेचा गावकावळा आला काय, त्यांना दोन्ही सारखेच. तिथे मी दुर्बीण पिशवीत घालते आणि लांब जाऊन बसते. एकदा बराच वेळ कावळा शिवेना. एक म्हातारे गृहस्थ पुढे होऊन हात जोडून म्हणाले, "सगळं तुझ्या मनासारखं करू, आता घे." वरच्या झाडावर कावळीण घरट्यावर बसलेली होती आणि तिचा कावळा कोकिळेला हाकलण्यात गुंतला होता. मी काही बोलले नाही. ते सांगायची ती वेळ नव्हती.

मेमध्ये वळीव कोसळला की हवा बदलते. चातक येतो, आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावशाचं "पेर्ते व्हा" रात्रीही चालू. बरगे निघतात आणि अडलेली नदी एकदम वाहायला लागते. पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात घाण असतं हे लक्षात ठेवावं, शहराची उन्हाळाभरची धूळ, तेल, मैला ते एका दमात घेऊन येतं. मृग बरा पडला की मग नदी तांबडी होते आणि वास जातो.

तरणा पाऊस सुरू झाला की माझा दुसरा रकाना कोराच राहतो. गढूळ पाण्यात बघून मारणाऱ्यांची पंचाईत. धीवर ओढ्यांवर, विहिरींवर, भाताच्या खाचरांत जातात. म्हणजे पाणी मैल्यानं काळं आहे की मातीनं लाल आहे, हे माझ्या रकान्यांना कळत नाही. तेव्हा ही युक्ती दिवाळी ते होळी एवढीच चालते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडल्याच्या बातम्या यायला लागतात, राजाराम बंधारा पाण्याखाली जातो, पलीकडच्या गावांना वळसा पडतो, आणि नदी पात्राबाहेर येऊन शेतांत पसरते. तेव्हा पक्षी बघायचे ते पुराच्या कडेला. पाणी वितभर चढलं की जमिनीतले किडे, गांडुळं, खेकडे बाहेर पडतात आणि कडेकडेनं बगळे, शराटी, उघड्या चोचीचे करकोचे सरकत जातात. त्या करकोच्याच्या चोचीत मधे फट असते, गोगलगायी धरायला बेताची. एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलं तेव्हा समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर ढोकरी येऊन बसली होती, पाठ गडद तांबडी, विणीच्या दिवसांतला तिचा शालू. आम्ही डबे माळ्यावर चढवत होतो आणि ती आमच्या गटारात बेडकावर नेम धरून होती.

याच दिवसांत सुगरणी विणायला बसतात. उसाच्या पानाची कड चोचीनं धरून एक लांब पट्टी सोलून नेतात. नर अर्धं घरटं विणून पंख फडफडवतो, मादी आत शिरून बघते, पसंत पडलं तर पुढचं काम. पाण्यावर झुकलेल्या बाभळीला ती लोंबतात. पूर जास्त चढला तर खालची जातात, वरची राहतात.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह, एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. त्या आठवड्यात जवळच्या शाळेच्या बाईंनी मला विचारलं, मुलांना नदीवर न्याल का. रंकाळ्यावर न्या म्हटलं, बदकं मिळतील, रेलिंग आहे, भेळ आहे. पण त्यांना नदीच हवी होती. मी विचार करून सहावीच्या मुलांना आधी नाल्याच्या तोंडाशी नेलं. नाकं दाबून, ओरडत, त्यांनी शेकाटे मोजले. मोजणी दोनदा चुकली कारण थवा उठला. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "काकू, मग आणि घाण सोडली तर आणि पक्षी येतील की!" सगळे हसले. बाई रागावल्या. प्रश्न वाकडा होता, पण रागावण्यासारखा नव्हता.

तिथून शिवाजी पुलाच्या वर चालत गेलो. बराच वेळ काही नाही, मुलं कंटाळली, डबे उघडले. मग कवड्या खंड्या आला आणि पाण्यावर थरथरत उभा राहिला. त्यानं सूर मारला, रिकाम्या चोचीनं वर आला, परत उभा राहिला. "ह्यो तिकडं का न्हवता?" तोच पोरगा. एका मुलीनं लगेच सांगितलं, "तिकडच्या पाण्यात त्येला दिसंल काय?" मग मी माझे दोन रकाने दाखवले आणि त्यांनी ते वहीत आखून घेतले. खंड्या दुसऱ्यात गेला, शेकाटे पहिल्यात. पोरानं पेन्सिल चावत विचारलं, छोटा बगळा कुठल्यात, तो तर तिकडंही होता आणि इथेही आहे, आणि मासा तर बघूनच मारतो की. मी बघितलं तर पुलाच्या खांबाजवळ खरंच एक उभा होता, पिवळ्या बोटांनी पाणी ढवळत. दोन्हीकडे लिही म्हटलं, आणि घरी आल्यावर माझ्याही वहीत तिसरा रकाना आखला.